कारंज्याची बाजारपेठ आणि पऱ्हाटीचा गोतावळा

वाशीम म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम वत्सगुल्म आठवतें. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथूनच दिलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला आणि वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासाचें एक हरवलेलें पान आपल्या हातीं लागलें. याच शाखेंतील हरिषेणाच्या काळांत अजिंठ्याचीं कांहीं उत्तम लेणीं कोरलीं गेलीं. राजवंश, दानपत्रें आणि लेणीं यांचा इतिहास लिहिण्याची व वाचण्याची आपणांस सवय आहे. परंतु ज्या काळ्या भुईच्या उत्पन्नावर हें सर्व वैभव उभें राहिलें, त्या भुईवर नांदणाऱ्या जीवसृष्टीलाही इतिहास आहे. त्यांत तह आहेत, वैरें आहेत, उत्कर्ष आहेत आणि पराभवही आहेत. फक्त त्याचे नायक इतके लहान कीं बखरकाराच्या दृष्टीस ते पडत नाहींत.

शेत म्हणजे केवळ पीक नव्हे. पिकावर जगणारी अळी, अळीवर जगणारी गांधीलमाशी, दोघांनाही टिपणारें पाखरूं, पाखराला बसावयास बांधावरची बाभूळ, धसकटें खाऊन शेत साफ करणारीं गुरें, आणि या सर्वांना आपल्या गरजेप्रमाणें जवळ करणारा किंवा हांकून देणारा मनुष्य, असें तें एक मोठें कुटुंब असतें. या कुटुंबांत भांडणें नित्य चालतात; तरीही वर्षानुवर्षें घर उभें राहतें. मग असें कोणत्या वेळीं घडतें कीं एखाद्याच घटकाची चाल फिरली असतां सारें घर कोसळावें? प्राणिशास्त्रज्ञ गेलीं सत्तर वर्षें या प्रश्नाचा ऊहापोह करीत आहेत. वाशीम जिल्ह्यांतील कारंज्याच्या बाजारपेठेचा आणि तिच्या भोंवतालच्या कापसाच्या शेतांचा इतिहास या प्रश्नाला मोठें बोलकें उत्तर देतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम जुन्या काळाकडे वळूं. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गांवास ज्या सवलती मिळत, त्यांची यादी मोठी मनोरंजक आहे. अमरावती जिल्ह्यांतील चम्मक येथील द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटांत फुलें व दूध द्यावें लागूं नये, फिरतीवरच्या अधिकाऱ्यांस चारा, बसावयास कातडें व कोळसा पुरवावा लागूं नये, पाळीपाळीनें बैल द्यावे लागूं नयेत, असे उल्लेख येतात. राजसत्तेलाही गांव म्हणजे एका पिकाचें कोठार असें वाटत नव्हतें. गवत, गुरें, झाडें, फुलें आणि कोळशाचें रान अशा अनेक पदरांनीं गांवाचें जीवन विणलेलें आहे, हें त्या यादीवरून सहज दिसतें.

पुढें अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांत बाशीम हें एक सरकार होतें. ऐने-अकबरींत या भागांतील हटकरांचा उल्लेख असून, ते मानी व सहजासहजीं न नमणारे लोक आहेत असें म्हटलें आहे. हटकर म्हणजे मेंढपाळ आणि लढवय्ये. पैनगंगेच्या खोऱ्यांतील व अजिंठ्याच्या डोंगरपठारावरील गवताळ माळ त्यांच्या कळपांना पोशीत, आणि पिकें निघाल्यावर तेच कळप शेतांत बसत. दुसरे फिरते लोक बंजारे. आजही मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें त्यांचें मोठें तीर्थ आहे. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस त्यांच्या बैलांच्या पाठीवरून दूर गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. शेतकरी, मेंढपाळ आणि तांडेवाला यांचीं जीवनें एकमेकांत अशीं गुंतलेलीं होतीं; आणि त्यांचीं जनावरें शेताच्या जीवसृष्टीचाच एक भाग होतीं.

त्या काळच्या शेताचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. कापसाच्या कांहीं तासांनंतर तुरीचें एक तास, मधून मधून मूग, उडीद किंवा तीळ, कडेला अंबाडी, आणि शेजारच्या शेतांत ज्वारी. यंदा जेथें ज्वारी, तेथें पुढल्या वर्षीं कापूस. कापूस तो देशी जातीचा. कांटक, सोटमूळ खोल नेणारा, पावसाची ओढ सोसणारा. ज्वारीवर मावा पडे, त्या माव्यावर ढालकिडे पोसत, आणि ज्वारी निबर झाली कीं तेच ढालकिडे कापसाकडे वळत. कणसांवर आलेलीं पाखरें पिलांना भरवावयास अळ्या टिपीत. कापसाची शेवटची वेचणी झाली म्हणजे शेळ्यामेंढ्या आंत शिरून किडकीं बोंडें व हिरवा पाला फस्त करीत, आणि उरलेली पऱ्हाटी चुलींत जाई. यांतील प्रत्येक दुवा पाहिला तर क्षुल्लक. ढालकिड्यानें सर्व मावा खाल्ला असें कधीं होत नसे, मेंढरांनीं प्रत्येक अळी मारली असेंही नाहीं. पण थोडें थोडें सर्वांनीं मिळून इतकें होई कीं कोणा एकाचा अतिरेक चालत नसे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. जुनें तें सर्व सोनें, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. उत्पन्न बेताचें होतें, आणि पाऊस फिरला म्हणजे हें सारें जाळें मनुष्याचा जीव वांचवावयास अपुरें पडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या सुमारें २९ लाखांवरून १९०१ सालीं सुमारें २७.५ लाखांवर आली. स्थैर्य आणि समृद्धि या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. किडींच्या बाबतींत शेत स्थिर असूं शकतें आणि तरीही शेतकरी उपाशी राहूं शकतो. हा भेद लक्षांत ठेवूनच पुढील कथा वाचावी.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. आठ वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. १८६७ सालीं भुसावळहून नागपुरापर्यंत लोहमार्ग पुरा झाला. बंजाऱ्यांचे तांडे मागें पडले. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळकडे अरुंद रुळांची गाडीही धांवूं लागली. ‘शकुंतला’ या नांवानें ती पुढें लोकांच्या ओळखीची झाली; तिचा मुख्य भार कापसाचाच होता.

या काळांत कारंजा लाड हें गांव दोन गोष्टींसाठीं प्रसिद्ध होतें. एक तेथील धर्मपरंपरा. नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान तें हेंच, आणि येथील जैन भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ पुढें प्रा. हिरालाल जैन यांनीं विद्वानांपुढें आणले. दुसरी गोष्ट बाजाराची. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें १८८६ सालीं कारंज्यास कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील नियंत्रित शेतमाल-बाजारांचा इतिहास येथूनच सांगण्याचा प्रघात आहे. त्यानंतर १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. एखादें ठिकाण बाजार म्हणून जाहीर करावें, त्यावर देखरेखीस समिति नेमावी, तोलणारे व दलाल यांस नियमाखालीं आणावें, असें त्याचें स्वरूप होतें. शेतकऱ्याची फसवणूक कमी व्हावी हा त्याचा एक लाभ. गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावानें मिळावा हा त्यामागचा मुख्य हेतु.

बाजार हा शेताचा मोठा शिक्षक असतो. तो ज्याची किंमत करील तेंच शेत पिकवूं लागतें. वऱ्हाडांत पूर्वीं ‘बनी’ नांवाचा लांब, मऊ धाग्याचा कापूस होता. त्याच्या जोडीस ‘जरी’ हा आंखूड व जाड धाग्याचा. जरींत सरकीच्या मानानें रुई अधिक निघे आणि उत्पन्नही अधिक पडे. बनीच्या धाग्याला मात्र त्या मानानें भाव मिळेना. सरकी काढण्याचे कारखाने आल्यावर सगळ्या जातींची सरकी एका ढिगांत पडूं लागली, आणि पुढल्या वर्षाचें बियाणें त्याच ढिगांतून येऊं लागलें. पाहतां पाहतां बनी मागें पडली. मुंबईच्या बाजारांत अमरावतीच्या नांवावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाणारा माल दिवसेंदिवस जाड होत गेला. हें कोणीं ठरवून केलें नव्हतें. तराजूवर एकच गुण तोलला गेला आणि बाकीचे गुण शेतांतून आपोआप गळाले. कापसाच्या पुढील इतिहासांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा, वाढत्या प्रमाणावर घडलेली दिसेल.

आतां या कथेंतील प्रतिनायकाची ओळख करून घेऊं. गुलाबी बोंडअळी आजकाल आली, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तिचें शास्त्रीय वर्णन १८४३ सालीं डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनीं केलें, आणि त्यांनीं पाहिलेले नमुने भडोचच्या कापसावरचे होते. म्हणजे कारंज्याचा बाजार उघडण्यापूर्वीं चाळीस वर्षें ती शास्त्रज्ञांच्या माहितीची होती. येथून ती विसाव्या शतकाच्या आरंभास मिसरांत गेली आणि तेथून पुढें जवळजवळ साऱ्या कापूस पिकविणाऱ्या देशांत पसरली. आपल्याकडे मात्र ती दीर्घकाळ एक सामान्य उपद्रवी पाहुणी म्हणून राहिली. ही अळी जवळजवळ सर्वस्वीं कापसावर जगते. बोंडांत कापूस नसेल तेव्हां सरकीच्या आंत निद्रिस्त होऊन ती दिवस काढते. देशी कापूस पावसाबरोबर येई आणि थंडीबरोबर जाई. मागून मेंढरें येत. पुढल्या जूनपर्यंत तिला घर नसे. तिचा वंश निर्मूल होत नव्हता. पण दरसाल त्याला नव्यानें संसार मांडावा लागे.

अशा परस्परसंबंधांविषयीं शास्त्र काय म्हणतें? डार्विननें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत मांजर, उंदीर, भुंगा आणि तिपानी गवत यांची सांखळी दाखविली होती. गांवांत मांजरें अधिक तर रानांत गवताचें बीं अधिक, असा तिचा मजेदार निष्कर्ष. १९५८ सालीं चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, जेथें जीवजातींची विविधता अधिक तेथें किडींच्या धाडी कमी. साध्या, एकपिकी शेतांत त्या अधिक. हें मत सहज पटण्याजोगें असल्यानें सर्वत्र मान्य झालें. परंतु १९७२ मध्यें रॉबर्ट मे या ऑस्ट्रेलियन गणितज्ञानें ‘नेचर’ पत्रांत एक लहानसा निबंध लिहून सर्वांस विचार करावयास लावलें. त्याचें गणित असें : कोणतेंही जाळें सोडत काढल्याप्रमाणें जोडीत गेलें, तर घटकांची संख्या व त्यांच्यांतील जोड जसजसे वाढतील तसतसें तें अधिक अस्थिर होईल. एका टोंकाचा धक्का दुसऱ्या टोंकास पोंचेल. तें स्थिर राहावयाचें तर प्रत्येक जोडाचा जोर त्या मानानें कमी असला पाहिजे.

म्हणजे नुसती गर्दी उपयोगी नाहीं. १९९८ सालीं केव्हिन मॅक्कॅन आणि त्यांचे सहकारी यांनीं हा धागा पुढें नेऊन दाखविलें कीं, निसर्गांतील जाळीं टिकतात तीं त्यांतील असंख्य दुबळ्या दुव्यांमुळें. एक भक्षक एकाच भक्ष्यावर जगूं लागला कीं दोघांच्याही संख्येचे हिंदोळे वाढत जातात. त्याच भक्षकास इतर चार भक्ष्यांची थोडीथोडी सोय असली कीं ते हिंदोळे मंद होतात. आपल्या घरची सुंभाची बाज याचें उत्तम उदाहरण आहे. सुंभाचा एकेक पदर कितीसा भार सोसणार? पण शंभर पदर तिरकस उभे विणले म्हणजे धट्टाकट्टा गडी सुखानें झोंपतो, आणि दोनचार तुटले तरी खालीं पडत नाहीं. तेथें मधोमध एकच जाड दोर बांधला तर तो कितीही बळकट असो, त्यावर झोंप येणार नाहीं. आणि तो तुटला तर मग सांवरावयास कांहींच नाहीं.

कापसाच्या शेतांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नेमका हा जाड दोर बांधला गेला. १९७० मध्यें सुरतेच्या संशोधनकेंद्रांतून ‘संकर-४’ हा कापसाचा संकरित वाण बाहेर पडला आणि संकराचें युग सुरू झालें. उत्पन्न वाढलें, धागा लांबला, गिरण्या संतुष्ट झाल्या. परंतु हे वाण बहुतेक अमेरिकन जातीचे. खत मागणारे, अधिक दिवस शेतांत राहणारे, तुडतुड्यांना व बोंडअळ्यांना आवडणारे. त्यांच्या रक्षणार्थ फवारा आला. १९८० नंतर कृत्रिम पायरेथ्रॉईड औषधें आलीं. तीं इतकीं गुणकारी वाटलीं कीं त्यांवर सर्व भरंवसा ठेवला गेला. १९८७ च्या सुमारास आंध्रांतील कापसावरची हिरवी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. शतकाच्या अखेरीस देशांतील लागवडीच्या सुमारें पांच टक्के भूमीवर असलेलें हें पीक देशांतील जवळजवळ निम्मीं कीटकनाशकें पिऊं लागलें होतें.

हें संकट केवळ आपलें नव्हतें. दक्षिण अमेरिकेंत पेरू देशाच्या कान्येते खोऱ्यांत १९४९ पासून कापसावर डी. डी. टी. आदि औषधांचा मारा सुरू झाला होता. सुरुवातीचीं चार-पांच वर्षें उत्पन्न भरभरून वाढलें. मग औषधांना न जुमानणाऱ्या किडी निपजल्या. ज्या किडी पूर्वीं कोणी मोजीतही नसे त्या आपले शत्रु मेल्यामुळें माजल्या. आणि १९५६ च्या हंगामांत उत्पन्न निम्म्याहून खालीं कोसळलें. त्यानंतर शेतकऱ्यांनींच एकत्र येऊन नियम केले, औषधांवर बंदी घातली, हंगाम ठरवून घेतला, उपयोगी कीटक परत आणले, आणि खोरें सावरलें. फवारा किडीला मारतो तेव्हां किडीच्या वैऱ्यालाही मारतो. कीड लवकर परत येते, वैरी उशिरां येतो. कारण ज्याचें अन्नच नाहींसें झालें तो आधीं कसा येणार?

२००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. मातींतील एका जंतूचें विष कापसाच्या रोपांतच उतरविलेलें. अळीनें पान किंवा बोंड खाल्लें कीं ती मरावी. २००६ मध्यें दोन जनुकांचा वाण आला. या वाणानें आरंभीं खरोखरीच उपकार केले, हें नाकारतां येणार नाहीं. अळ्यांसाठींचे फवारे कमी झाले आणि देशांतील कापसाचें एकूण उत्पन्न दहा-बारा वर्षांत दुपटीहून अधिक झालें, जरी त्यांत वाढत्या लागवडीचा व ओलिताचाही वांटा होता. दशक उलटतांच कापसाची नऊ-दशांशाहून अधिक लागवड या एका जातीच्या वाणांनीं व्यापिली.

यापुढें जें घडलें तें दुबळ्या दुव्यांचें महत्त्व जितक्या स्पष्टपणें दाखवितें तितकें कोणतेंही गणित दाखविणार नाहीं. बोंडांत राहणाऱ्या दोन अळ्या घ्या. हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन म्हणतात पण जी आपल्याकडलीच आहे, ती बहुभक्षी. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, टमाटे, सूर्यफूल, सर्व तिला चालतें. गुलाबी बोंडअळी मात्र कापसाची एकनिष्ठ. विष दोघींवर सारखेंच पडलें. परंतु हिरव्या अळीची पुष्कळ प्रजा तुरीवर आणि हरभऱ्यावर विषाविना वाढत राहिली. विष पचविणारा एखादा पतंग कापसांतून निघालाच, तर त्याला जोडीदार मिळे तो अशा भोळ्या प्रजेंतला. आणि त्यांच्या संततींत ती शक्ति पातळ होऊन जाई. गुलाबी अळीला असें माहेर नव्हतें. तिचें सारें अन्नच विषारी झालें होतें. जी वांचली ती विष पचवूनच वांचली, आणि तिला जोडीदारही तसाच मिळाला. गुजरातेंत २०१० सालीं एका जनुकाच्या वाणावर तिचा विजय जाहीर झाला. पुढें दोन जनुकांवरही तिनें मात केली. आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापसाचीं बोंडें फोडून पाहावींत तर आंत गुलाबी अळी, असें चित्र गांवोगांव दिसलें. हिरवी अळी मात्र या वाणापुढें बऱ्याच अंशीं नमलेलीच राहिली. तुरीचें जें तास आपल्या पूर्वजांनीं डाळीसाठीं पेरलें, त्यानें नकळत हें दुसरें काम केलें होतें.

त्याच वर्षीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं आणि शेंकडों रुग्णालयांत पडलीं. बीटीमुळें जो फवारा कमी व्हावयाचा होता तो शेतांत परत आला होता. जाळें तुटतें तेव्हां त्याचा धक्का शेवटीं कोणाच्या अंगावर येतो, हें याहून अधिक स्पष्ट सांगावयास नको. पश्चिम विदर्भांतील वाशीमसह सहा जिल्ह्यांसाठीं २००६ सालीं पंतप्रधानांस खास मदतयोजना जाहीर करावी लागली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. त्या दुःखाचीं कारणें कर्ज, भाव व कोरडवाहूपण अशीं अनेक आहेत. तीं सर्व किडीच्या माथीं मारणें हा अन्याय होईल. पण ज्याचा सारा भार एकाच पिकावर आणि ज्या पिकाचा सारा भार एकाच उपायावर, त्याला सांवरावयास दुसरा पदर नसतो, एवढें निश्चित.

विष पचविणारी प्रजा निपजूं नये यासाठीं योजना नव्हती असें नाहीं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधें, बिनविषारी बियाणें दिलें जाई. तें शेताभोंवतीं पेरावें, म्हणजे अळीच्या भोळ्या प्रजेस आसरा राहील, असा नियम होता. फार थोड्यांनीं तें पेरलें. यांत शेतकऱ्यास मूर्ख म्हणणें सोपें आहे. पांच एकरांच्या धन्यानें कडेचे तास अळीला वाहिले तर नुकसान त्याचें एकट्याचें, आणि लाभ सगळ्या शिवाराचा. त्यांतही शेजाऱ्यानें न पेरल्यास लाभही नाहीं. शिवाय ओलिताच्या सोयीनें कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेतांत ठेवून ‘फरदड’ घेण्याची रीत पडली होती. चार मण अधिक कापूस पदरांत पडे. पण अळीलाही हिवाळाभर घर मिळे. मेंढरांचे कळप कमी झाले, माळ पिकांखालीं गेले, आणि हंगामाच्या शेवटीं शेत मोकळें होण्याची जुनी वहिवाट मोडली. आज कृषिविद्यापीठें शेवटच्या वेचणीनंतर शेळ्यामेंढ्या शेतांत सोडा, असा उपदेश करतात, तेव्हां हटकरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

याच अळीचा अमेरिकेंतील शेवट पाहण्यासारखा आहे. तेथें बीटी कापूस होताच. पण अरिझोनाच्या शेतकऱ्यांनीं बिनविषारी कापसाच्या पट्ट्या नेमानें राखल्या, पुढें वांझ केलेले पतंग विमानांतून सोडण्यांत आले, हंगामाचे नियम सर्वांनीं पाळले, आणि २०१८ सालीं तेथील कापसांतून गुलाबी अळीचें उच्चाटन झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. विष तेंच आणि अळीही तीच. फरक होता तो एकत्र वागण्याचा.

आपल्याकडेही जाळें स्वतःला विणूं शकतें, याचा एक सुखद पुरावा आहे. २००६ च्या आसपास अमेरिकेंतून आलेला पिठ्या ढेकूण आपल्या कापसावर पसरला. त्याच्या अंगावर मेणाचें कवच असल्यानें फवाऱ्याचा परिणाम कमी. मुंग्या त्याचा गोड रस खाऊन त्याची राखण करीत. हाहाकार उडाला. पण दोन-तीन वर्षांत एक बारीकशी गांधीलमाशी त्याच्या अंगांत अंडीं घालतांना आढळली, आणि पिठ्या ढेकणाचा जोर ओसरला. २००९ मध्यें तिला कृषिशास्त्रज्ञ डॉ. बांबावाले यांच्या नांवावरून ‘एनासियस बांबावालेई’ असें नांव मिळालें. पुढें ती अमेरिकेंतील पूर्वीं वर्णिलेलीच जात असल्याचें ठरलें. म्हणजे यजमानामागोमाग पाहुणीही समुद्र ओलांडून आली होती. तिला कोणी मुद्दाम आणली नव्हती. तिला राहावयास जागा मिळाली ती जेथें फवारा थांबला तेथें.

१ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. आज त्याच्या खरिपावर सोयाबीनचें राज्य आहे. कापसाच्या कटकटींतून सुटका म्हणून पुष्कळांनीं तें जवळ केलें, आणि त्यानें कमी दिवसांत रोख पैसा दिला हेंही खरें. पण कापसावरची पांढरी माशीच सोयाबीनवर पिवळा मोझॅक घेऊन येते; जाळें पिकांच्या नांवाप्रमाणें बदलत नाहीं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांत सुमारें १८ चौरस किलोमीटर गवताळ भूमि काळविटांसाठीं राखलेली आहे. तिच्याबाहेर माळ उरला नाहीं म्हणून काळवीट आणि रोही शेतांत उतरतात, आणि त्यांच्यामागें धांवणारा लांडगा विरळ झाला आहे. समाधानाची गोष्ट एवढीच कीं सोयाबीनच्या तासांमध्यें तुरीचें तास अजून पुष्कळ ठिकाणीं दिसतें. तें जपावें.

यावरून निघणारा बोध शेतकऱ्याला उपदेश करण्याचा नाहीं. जीवसृष्टीचें जाळें ही कोणा एकाच्या सातबाऱ्यावरची मालमत्ता नव्हे. शिवाराच्या बांधावरून पतंग उडत जातो, त्याला हद्द ठाऊक नसते. जें सर्वांचें आहे त्याचें रक्षण एकेकट्याच्या शहाणपणावर सोंपवून चालत नाहीं. १८८६ सालीं कारंज्यास नेमकें हेंच ओळखलें गेलें होतें. खरा तोल हा एका प्रामाणिक अडत्याच्या भरंवशावर राहत नाहीं. त्याला सर्वांवर बंधनकारक असा नियम लागतो, आणि तो नियम पाहणारी समिति लागते. तोच विचार आज शेताला लावला पाहिजे. पेरणी शिवारानें एकाच सुमारास करावी, फरदडीला ठरलेली मुदत असावी, तुरीच्या तासाला व माळाच्या गवताला बाजारांत आणि विम्यांत कांहीं किंमत मिळावी, आणि त्याचा भुर्दंड एकट्या पांच एकरांच्या धन्यावर पडूं नये. कारंज्याच्या तराजूनें पूर्वीं बनी घालविली, कारण तिचे गुण त्यावर तोलले जात नव्हते. आतां त्या तराजूंत आणखी कांहीं वजनें घालण्याचें काम त्याच बाजाराचें, त्याच्या समितीचें आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सुशिक्षितांचें आहे.